न सापडलेली नावे : एका बोलीकोशाच्या चिठ्ठ्या आणि लिंकरच्या तक्रारी

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. ती माझ्या मामांची. मामा प्राथमिक शिक्षक होते आणि बदल्यांच्या निमित्ताने यवतमाळ जिल्ह्याचे बहुतेक तालुके त्यांनी पालथे घातले. ज्या गावी जात तिथल्या बायाबापड्यांच्या, सालदारांच्या, सुतार-लोहारांच्या तोंडचे शब्द ते पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर उतरवून घेत. चिठ्ठ्या तीन हजारांवर आहेत. काहींवरची शाई फिकी झाली आहे, काहींचे कोपरे वाळवीने खाल्ले आहेत. काचबिंदूने त्यांची नजर कमी होत गेली तेव्हा त्यांनी पेटी माझ्या स्वाधीन केली. म्हणाले, “याचं पुस्तक कर बाबू. नाही तं कोणी रद्दीत टाकून देईन.”

मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी नव्हे आणि संगणकशास्त्राचाही नव्हे. पोटापाण्यासाठी जिनिंगचे हिशेब लिहितो. संगणक शिकलो तो गरजेपोटी, पुस्तके चाळत आणि चुका करत. या लेखात मी त्या चुकांबद्दलच लिहिणार आहे. बोलीचा कोश करायला निघालेला माणूस ‘लिंकर’ नावाच्या कधी न ऐकलेल्या प्रकारापाशी तीन आठवडे का अडकला आणि त्या अडकण्यातून कोशाबद्दल काय शिकला, एवढाच या लेखाचा विषय आहे.

चिठ्ठीचे व्याकरण

मामांच्या उशाशी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ असे. १९३२ पासून खंडाखंडाने निघालेल्या या कोशात प्रादेशिक शब्दांपुढे कंसात खूण असते : वऱ्हाडीसाठी ‘व.’, नागपुरीसाठी ‘ना.’ मामांनी चिठ्ठीचा साचा तिथूनच उचलला. आधी शब्द, मग लांब रेघ, मग लिंग, कंसात तालुका, मग अर्थ, आणि शेवटी लागलाच तर ‘पाहा’ असे लिहून दुसऱ्या शब्दाचा निर्देश. उदाहरणार्थ :

पऱ्हाटी—स्त्री. (दारव्हा) कपाशीचे झाड. वेचणी झाल्यावर उभे राहिलेले वाळके झाड. पाहा तुराटी.

ज्याला असा पक्का साचा आहे त्याला व्याकरण आहे, आणि ज्याला व्याकरण आहे ते यंत्राकडून वाचून घेता येते. चिठ्ठ्या टंकित करून झाल्या की शब्द, लिंग, तालुका आणि अर्थ वेगवेगळे काढून अकारविल्हे लावायचे, तालुकावार याद्या करायच्या, असा माझा बेत होता. हाताने केले असते तर उरलेले आयुष्य त्यातच गेले असते.

नागपुरात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मला पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांचे सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरचे इंग्रजी पुस्तक मिळाले. महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिकलेल्या अनेकांच्या हातांखालून ते गेले असेल. लेक्स आणि याक या दोन अवजारांशी माझी ओळख त्यातून झाली. दोन्ही १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडली. याक स्टीफन जॉन्सन यांचे. लेक्स १९७५ मध्ये माइक लेस्क यांनी एरिक श्मिट या विद्यार्थ्याच्या मदतीने केले. हाच श्मिट पुढे गूगलचा प्रमुख झाला. आज बहुतेक लोक वापरतात ती त्यांची मोफत भावंडे : व्हर्न पॅक्सन यांचे फ्लेक्स आणि रॉबर्ट कॉर्बेट यांनी सुरू केलेले बायसन.

या अवजारांची वाटणी सोपी आहे. फ्लेक्सला शब्दांची रूपे सांगायची : अक्षरांची सलग रांग म्हणजे शब्द, ‘पु.’, ‘स्त्री.’, ‘न.’ म्हणजे लिंग, कंसातले ते ठिकाण. ते वाचून फ्लेक्स आपल्यासाठी सी भाषेत एक कार्यक्रम लिहून देते. तो अक्षरांच्या ओघातून शब्द वेचून काढतो. त्याला लेक्सर म्हणतात. बायसनला वाक्याची रचना सांगायची : नोंद म्हणजे शीर्षक, रेघ, लिंग, ठिकाण, अर्थ. तेही एक कार्यक्रम लिहून देते, तो पार्सर. आपल्याकडच्या व्याकरणात शब्दविचार आणि वाक्यविचार असे दोन भाग पडतात, तशीच ही विभागणी.

इथे पाणिनीची आठवण निघणारच. संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याची जी पद्धत जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये मांडली, तिला पाणिनीचेही नाव द्यावे असे पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये एका संगणकविषयक नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले होते. पण यावरून अष्टाध्यायीतून याक निघाले असे कोणी समजू नये. नियम थोडके ठेवून त्यांतून अगणित रूपे सिद्ध करायची, ही कल्पना दोन ठिकाणी दोन काळांत स्वतंत्रपणे सुचली, एवढेच खात्रीने म्हणता येते.

‘पाहा’ आणि नोंद

मी नियम लिहिले. फ्लेक्सने आपला कार्यक्रम दिला, बायसनने आपला दिला. कंपायलरने दोन्ही बिनतक्रार तपासले. मग शेवटच्या पायरीवर पडद्यावर ओळी उमटल्या. त्यांचा मराठी अर्थ असा : ‘वायवायरॅप’ या नावाचा निर्देश आहे, पण ते नाव कुठेही ठरवलेले नाही. तसेच ‘वायवायएरर’. तसेच ‘मेन’.

मी माझे नियम पुन्हा पुन्हा वाचले. ‘वायवायरॅप’ हा शब्द मी कुठेही लिहिला नव्हता. न लिहिलेल्या शब्दाबद्दल यंत्र मला जाब विचारत होते. असा प्रसंग आला की पहिल्यांदा वाटते, आपले व्याकरण चुकले. मी चार दिवस व्याकरणच बदलत बसलो. ते साफ चुकीचे होते. चूक व्याकरणात नव्हतीच.

ही तक्रार कोण करतो ते कळले असते तर चार दिवस वाचले असते. कोशाच्या भाषेत सांगतो. समजा एक मोठा कोश सहा संपादक सहा खंडांत लिहीत आहेत. प्रत्येक जण आपापला खंड शुद्ध लिहितो. मुद्रितशोधक एकेक खंड वेगळा तपासतो. पहिल्या खंडात ‘पाहा तिफण’ असे आले तर तो हरकत घेत नाही. तिफण पुढे कुठल्या तरी खंडात असेलच, असे धरून चालतो. हा मुद्रितशोधक म्हणजे कंपायलर. सगळे खंड तयार झाल्यावर शेवटी एक जण प्रत्येक ‘पाहा’ घेऊन बसतो आणि त्या नावाची नोंद खरोखर आहे का ते शोधतो. असेल तिथे पानाचा आकडा भरतो. नसेल तर ओरडतो. हा शेवटचा माणूस म्हणजे लिंकर.

त्याच्या तक्रारी मुळात दोनच. एक, ‘पाहा’ आहे पण नोंद नाही. दोन, एकाच शब्दाच्या दोन नोंदी आहेत, मी कुठल्या पानाचा आकडा देऊ? लिंकरला अर्थ कळत नाही आणि व्याकरणही कळत नाही. त्याला फक्त नावे कळतात, आणि तीही अक्षरशः. म्हणून त्याची तक्रार आली की नियमांच्या फाइलीत हात घालू नये. कोणत्या नावाचा निर्देश कुणी केला आणि ते नाव पुरवण्याची जबाबदारी कुणाची होती, एवढेच शोधावे.

पाच नावे

फ्लेक्स आणि बायसन यांच्या जोडकामात पाच नावे येतात. एकदा ती कोण पुरवतो हे कळले की निम्म्याहून अधिक अडचणी सुटतात.

कार्यक्रम सुरू होतो ‘मेन’पासून, तो आपण लिहायचा. मेन ‘वायवायपार्स’ला हाक मारतो, तो बायसन लिहून देते. वायवायपार्स पुढचा शब्द हवा झाला की ‘वायवायलेक्स’ला हाक मारतो, तो फ्लेक्स लिहून देते. रचना बिघडलेली दिसली की वायवायपार्स ‘वायवायएरर’ला हाक मारतो, तो आपण लिहायचा. आणि फाइल संपली की वायवायलेक्स ‘वायवायरॅप’ला हाक मारतो. हे शेवटचे नाव एक तर आपण पुरवायचे, नाही तर फ्लेक्सच्या ग्रंथालयातून उसने घ्यायचे.

मेन आणि वायवायएरर मी लिहिले, तेव्हा त्या दोन तक्रारी मिटल्या. वायवायलेक्स सापडत नाही अशी तक्रार आली तर बहुधा फ्लेक्सने दिलेली फाइल जोडणीच्या यादीत घालायची राहिलेली असते. माझ्याकडून तेही एकदा झाले. एक खंड बाइंडरकडे न्यायचाच विसरला, अशातली गत.

वायवायरॅपसाठी तीन इलाज आहेत. पहिला, जोडणीच्या आज्ञेत ‘-एलएफएल’ लिहून फ्लेक्सचे ग्रंथालय जोडणे. मी ते जोडले, तरी तक्रार कायम. कारण मी ते आज्ञेच्या सुरुवातीला लिहिले होते. लिंकर यादी डावीकडून उजवीकडे वाचतो. ग्रंथालयापाशी आला की तोवर अडलेली नावेच त्यातून उचलतो आणि पुढे जातो. माझ्या यादीत ग्रंथालय आधी होते. तेव्हा एकही नाव अडलेले नव्हते, म्हणून त्याने काहीच घेतले नाही. घरात काय संपले ते न बघता आठवडी बाजार करून यावे आणि चुलीपाशी बसल्यावर मीठ नाही हे कळावे, तसे. ग्रंथालय नेहमी शेवटी लिहावे.

या उसनवारीत आणखी एक खड्डा आहे. फ्लेक्सच्या ग्रंथालयात वायवायरॅपबरोबर एक ‘मेन’ही असतो. आपला मेन लिहायचा राहिला तर लिंकर मुकाट्याने तो उसना मेन जोडतो. तक्रार येत नाही, कार्यक्रम चालतोही. पण तो उसना मेन फक्त लेक्सरला हाका मारत राहतो, पार्सरपर्यंत गाडी जातच नाही. काहीच होत नाही आणि का होत नाही ते कळत नाही.

दुसरा इलाज, नियमांच्या फाइलीत ‘नोवायवायरॅप’ हा पर्याय लिहिणे. मग लेक्सर ती हाक मारतच नाही. मी तो केला. तक्रार गेली, कार्यक्रम चालला. मोठ्या उत्साहाने निकाल छापला तर त्यात शब्द एकाच तालुक्याचे, आर्णीचे.

आमच्या जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि मी प्रत्येकाची फाइल वेगळी केली होती. आर्णी पहिली, वणी शेवटची. कार्यक्रम आर्णीच्या शेवटी थांबत होता. तेव्हा मी पहिल्यांदा पुस्तक उघडून वायवायरॅप म्हणजे काय ते नीट वाचले. तो एक प्रश्न आहे. फाइल संपली की लेक्सर विचारतो : झाले का, की अजून काही वाचायचे आहे? उत्तर १ आले तर झाले. उत्तर ० आले तर पुढची फाइल उघडून ठेवली आहे असे समजून तो वाचत राहतो. ग्रंथालयातला वायवायरॅप कायम १ सांगतो. मी तर तो प्रश्न विचारायचीच सोय बंद केली होती.

म्हणून तिसरा इलाज : वायवायरॅप आपणच लिहिणे. माझा वायवायरॅप सात-आठ ओळींचा आहे. यादीतला पुढचा तालुका असेल तर त्याची फाइल उघडतो आणि ० सांगतो. वणी संपली की १ सांगतो. ज्या नावाने मला आठवडाभर छळले, नेमके तेच मला हवे होते. एकच फाइल वाचायची असेल तर दुसरा इलाज उत्तमच आहे. पण न सापडलेले नाव गप्प करण्याआधी ते काय विचारत होते ते पाहून घ्यावे.

दोन नोंदी आणि दोन स्पेलिंगे

लिंकरची दुसरी तक्रार, एका नावाच्या दोन नोंदी, माझ्या वाट्याला वेगळ्या वाटेने आली. शेजाऱ्याच्या मुलाच्या जुन्या संगणकावर जे बिनबोभाट जोडले जात होते ते नव्या संगणकावर अडले. लेक्सर आणि पार्सर दोघांनाही लागणारे एक चलनाव मी समाईक फाइलीत ठरवले होते. ती फाइल दोघेही वाचत, म्हणून ते नाव दोन्हीकडे ठरत असे. जीसीसी कंपायलर पूर्वी अशा, सुरुवातीचे मूल्य न दिलेल्या नावाच्या दोन नोंदी एकच समजून सोडून देई. २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून ती सवलत संपली. इलाज कोशातलाच : समाईक फाइलीत ‘एक्स्टर्न’ लिहून फक्त ‘पाहा’ ठेवायचे आणि खरी नोंद एकाच ठिकाणी करायची.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. अकारविल्हे लावण्याच्या सोयीसाठी मी पार्सरचा भाग सी प्लस प्लस भाषेत नेला, लेक्सर सी भाषेतच ठेवला. लगेच तक्रार : वायवायलेक्स सापडत नाही. पण ते तर समोर होते! ‘एनएम’ नावाची एक आज्ञा आहे. ती तयार फाइलीतली नावे दाखवते. ज्या नावापुढे ‘टी’ ते इथे ठरवलेले, ज्याच्यापुढे ‘यू’ ते बाहेरून हवे असलेले. दोन्ही फाइली उघडून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. सी भाषेने नाव जसेच्या तसे ठेवले होते. सी प्लस प्लसमध्ये एका नावाची अनेक कामे असू शकतात, म्हणून ती भाषा नावाला शेपट्या जोडते : आधी अधोरेखा आणि झेड, मग नावाच्या अक्षरांची संख्या ५, मग नाव, शेवटी व्ही. माणसाच्या लेखी नाव एकच, लिंकरच्या लेखी दोन. पडद्यावरच्या तक्रारीत नावापुढे कंस दिसले तर हाच घोटाळा समजावा. पार्सरच्या बाजूला ‘एक्स्टर्न सी’ असे सांगून ते नाव जाहीर केले, आणि जोडणी पूर्ण झाली.

पऱ्हाटी कुठे गेली?

सोळाही तालुके वाचून झाले. याद्या छापल्या. पुसदला मामेभावाकडे गेलो आणि मामी एकेक पान मामांना वाचून दाखवू लागल्या. ‘प’ संपला तसे मामा थांबले. “बाबू, याच्यात पऱ्हाटी नाही दिसून राह्यली. काहून?”

मी संगणकात शोधले. पऱ्हाटी नव्हती. पेटीतली चिठ्ठी तर मला स्पष्ट आठवत होती. पुढे तपासत गेलो तर कुऱ्हाड नाही, चऱ्हाट नाही, गोऱ्हा नाही. ज्या जिल्ह्यात घरटी पऱ्हाटीची पेंढी चुलीशी जळते, त्या जिल्ह्याच्या कोशात पऱ्हाटीच नाही. आणि या वेळी कुणीही तक्रार केली नव्हती. कंपायलर गप्प, लिंकर गप्प, पार्सरही गप्प.

कारण अक्षरांच्या पोटात होते. फ्लेक्सला अक्षर कळत नाही, बाइट कळतो. आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. सगळ्या देवनागरीचा पहिला बाइट २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा १२८ ते १९१ च्या दरम्यान. अशा त्रिकुटांची सलग रांग म्हणजे शब्द, असा नियम मी केला होता. त्यात दंड आणि ० ते ९ हे देवनागरी आकडेही येतात, म्हणून ते वेगळे काढावे लागतात, एवढे मला ठाऊक होते.

ठाऊक नव्हते ते मराठीच्या खास रफाराचे. पऱ्हाटीतला आडवा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा ‘र’, खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. तिन्ही कागदावर सारखेच दिसतात. पहिल्या तऱ्हेने पऱ्हाटी २१ बाइटांची होते, उरलेल्या दोन तऱ्हांनी २४ बाइटांची. माझ्या काही फाइली जुन्या फॉन्टमधून रूपांतर होऊन आल्या होत्या आणि त्या रूपांतरात तिसरी तऱ्हा वापरली गेली होती.

ते न दिसणारे जोडचिन्ह देवनागरीच्या रांगेत बसत नाही. त्याचे बाइट २२६, १२८, १४१. माझ्या लेक्सरला तिथे शब्द संपला असे वाटले. कुठल्याच नियमात न बसणारे बाइट फ्लेक्स आपल्या मूळ रिवाजानुसार तसेच पडद्यावर टाकून देते; पण जे दिसतच नाही ते पडद्यावर पडले तरी कुणाला दिसणार? मग ‘हाटी’ हा नवा शब्द. ‘हात घालणे’सारखी दोन शब्दांची शीर्षके असतात म्हणून मी व्याकरणात तशी मुभा ठेवली होती. त्यामुळे पार्सरने ‘पर् हाटी’ हे दोन शब्दी शीर्षक म्हणून आनंदाने स्वीकारले. पऱ्हाटी कोशात होती, फक्त मधोमध चिरलेली. आणि मी शोधताना पहिल्या तऱ्हेने लिहीत होतो, म्हणून ती सापडत नव्हती.

वायवायलेक्सचेही हेच झाले होते : वाचणाऱ्याला एक नाव, यंत्राला दोन. फरक इतकाच की तिथे लिंकर ओरडला, इथे ओरडणारे कुणी नव्हते.

दुरुस्ती दोन पायऱ्यांची. शब्दाच्या नियमात ते जोडचिन्ह आणि त्याचे भावंड, बाइट १४० ने संपणारे तोडचिन्ह, दोन्ही घेतले. मग शब्द साठवण्याआधी तिन्ही तऱ्हा पहिल्या तऱ्हेत आणून ठेवल्या. शिवाय फ्लेक्सला ‘नोडिफॉल्ट’ हा पर्याय दिला. आता एखादा बाइट नियमांतून सुटू शकत असेल तर लेक्सर घडवतानाच ते मला बजावते. शेवटचा नियम म्हणून ‘इतर काहीही’ ठेवला. तो आला की फाइलीचे नाव आणि ओळीचा क्रमांक छापला जातो. पहिल्याच दिवशी त्याने पानभर ओळी छापल्या. लिंकरच्या तक्रारींनी वैतागलेला मी त्या दिवशी तक्रारी मुद्दाम मागून घेत होतो.

आपला लिंकर

त्याच आठवड्यात मनात आले की लिंकर जे सी भाषेच्या नावांचे करतो ते आपण मामांच्या ‘पाहा’चे का करू नये? प्रत्येक चिठ्ठीतला ‘पाहा’ घ्यायचा, त्या नावाची नोंद आहे का बघायचे, नसेल तर यादीत टाकायचे. काम एका संध्याकाळचे होते. नावे अक्षरशः जुळवायची म्हटल्यावर तऱ्हांचा घोळ आधीच मिटलेला हवा, तो मिटलेला होता.

यादीत ४१ नावे आली. मामांनी ज्यांचा निर्देश केला पण ज्यांची चिठ्ठीच लिहिली नाही असे ४१ शब्द. तिफणीच्या चिठ्ठीवर ‘पाहा सरते’ असे आहे. सरत्याची चिठ्ठी नाही. ओघात लिहिताना त्यांना वाटले असेल, हा शब्द तर माहीतच आहे, उद्या लिहू. कोशाचे काम करणाऱ्यांना ही ‘उद्या लिहू’ची जागा ओळखीची असेल. हाताने चाळताना ती दिसत नाही, कारण नसलेली चिठ्ठी हाताला लागत नाही.

ही यादी घेऊन मी पुन्हा पुसदला गेलो. मी नाव वाचायचे, मामांनी सांगायचे, मामींनी मध्येच दुरुस्त करायचे. सरत्याच्या वेळी मामा खाटेवर उठून बसले आणि हाताने दाखवू लागले : तिफणीमागे नळी कशी बांधायची, बाई मूठ कशी सोडत जायची, मूठ चुकली तर तास कसा रिकामा दिसायचा. सांगताना त्यांनी आणखी दोन शब्द उच्चारले, ते पेटीत नव्हते. मी नव्या चिठ्ठ्या केल्या.

त्या दोन बैठकींत २९ नावांच्या नोंदी झाल्या. पाच नावे मामांच्या जुन्या अक्षरातली वाचनाची चूक निघाली; शब्द होता, मी चुकीचा वाचला होता. उरलेल्या सात नावांपाशी मामा बराच वेळ थांबले. मारेगाव आणि झरी जामणीकडच्या कोलामी आणि गोंडी शेजारातून आलेले असावेत, एवढे ते म्हणाले, पण अर्थ आठवेना. “लेहून ठेव तसंच,” ते म्हणाले. “कोणाले तं माहीत असन.”

ती सात नावे कोशात अर्थाशिवाय जाणार आहेत, पुढे नुसती रेघ आणि तालुका. दर वेळी कार्यक्रम चालवला की सर्वांत शेवटी ती पडद्यावर येतात, आणि मी ती गप्प करणारा पर्याय अजून लिहिलेला नाही. पावसाळा उलटला की मारेगावकडे जायचे आहे.